गळके धुराडे

पाण्याची नळी गळली की लगेच कळते. जमीन ओली होते, टिपटिप आवाज येतो आणि घरातले कोणीतरी उठून तिला रबराची पट्टी गुंडाळते. हवेची नळी गळली तर काय होते? काही ओले होत नाही, आवाजही येत नाही. म्हणून हवेच्या नळ्यांची गळती वर्षानुवर्षे तशीच राहते. तिची किंमत मात्र रोज मोजावी लागते. कोणाला विजेच्या बिलातून, तर कोणाला डोळ्यांतल्या पाण्यातून आणि छातीतल्या खोकल्यातून.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात राजूर हे गाव आहे. राजूरहून भंडारदऱ्याकडे, कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावाकडे किंवा घाटघरकडे थंडीच्या दिवसांत सकाळी निघाले, तर घरांच्या कौलांमधून धूर झिरपताना दिसतो. या घरांना वेगळे धुराडे नसते. सगळे छप्परच धुराड्याचे काम करते. काही घरांत मात्र चुलीला पत्र्याची किंवा सिमेंटची नळी जोडून ती छपराबाहेर काढलेली असते. नवल असे की, अशा घरांतही पुष्कळदा स्वयंपाकघराच्या भिंती काळ्याच असतात. नळी आहे, ती छपराबाहेरही गेली आहे, तरी धूर घरात का राहतो?

"चूलच खराब आहे" असे उत्तर सहसा मिळते. पण चूल तपासण्याआधी नळीचे सांधे तपासावेत. धुराड्याला पडलेली फट काय करते, हे समजून घेतले तर साध्या उदबत्तीने दोष शोधता येतो आणि मूठभर मातीने तो पुष्कळदा दुरुस्तही करता येतो. त्यासाठी आधी एक प्रश्न सोडवायला हवा. नळीला भोक असेल तर त्यातून हवा बाहेर जाते की आत येते?

धूर वर का जातो?

"गरम हवा हलकी असते म्हणून ती वर जाते" हे वाक्य आपण सातवी-आठवीपासून ऐकत आलो आहोत. हे किती बळाने होते, याचा हिशेब मात्र फारसा कोणी करत नाही. तो करून पाहू.

खोलीतील हवेचे तापमान २० अंश सेल्सिअस आहे असे समजू. अशा एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते. (राजूरसारख्या उंचावरच्या गावात ते थोडे कमी भरेल, पण हिशेबाला हे चालेल.) धुराड्यातील वायूचे तापमान १५० अंश आहे असे धरू. दाब तोच असताना वायूची घनता केल्व्हिन तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. २० अंश म्हणजे २९३ केल्व्हिन आणि १५० अंश म्हणजे ४२३ केल्व्हिन. म्हणून धुराड्यातील वायूची घनता १.२ × २९३ ÷ ४२३ म्हणजे सुमारे ०.८३ किलोग्रॅम प्रति घनमीटर होते. दोन्ही घनतांतील फरक ०.३७.

धुराड्याची उंची ३ मीटर असेल, तर आतला वायुस्तंभ आणि बाहेरचा तेवढ्याच उंचीचा वायुस्तंभ यांच्या दाबांतील फरक असा येईल:

०.३७ × ९.८ × ३ = सुमारे ११ पास्कल.

या दाबफरकालाच आपण धुराड्याची "ओढ" म्हणू. ११ पास्कल म्हणजे किती? वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो. म्हणजे ही ओढ त्याच्या जेमतेम दहाहजाराव्या भागाएवढी. दुसरी तुलना पाहू. झेरॉक्सचा ७० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचा एक कागद टेबलावर पसरला तर तो टेबलावर सुमारे ०.७ पास्कल दाब देतो. असे सोळा कागद एकावर एक ठेवले की ११ पास्कल होतात. सगळ्या घराचा धूर बाहेर नेणारे बळ एवढेच, सोळा कागदांच्या गठ्ठ्याएवढे!

बळ इतके थोडे असल्यामुळे त्यातला थोडासा वाटा वाया गेला तरी फरक लगेच जाणवतो. पावसाळ्यात ओली लाकडे धुमसतात आणि धुराड्यातला वायू १५० ऐवजी ८० अंशांपर्यंतच तापतो असे समजा. मग ओढ ११ वरून ६ पास्कलवर येते. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात पाऊस दिवसेंदिवस थांबत नाही. त्या दिवसांत सरपण ओले, दारे बंद आणि धुराड्याची ओढ निम्मी, असे तिन्ही एकत्र येते. उन्हाळ्यात चालून गेलेली फट श्रावणात का चालत नाही, ते यावरून कळावे.

भोकातून हवा आत की बाहेर?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वर्गात विचारून पाहा: "धुराड्याला मध्येच भोक पडले तर काय होईल?" बहुतेक मुले सांगतील, "भोकातून धूर बाहेर येईल." पाण्याच्या नळीचा अनुभव डोळ्यांसमोर असल्यामुळे हे उत्तर स्वाभाविक आहे. पण नीट चालणाऱ्या धुराड्याच्या बाबतीत ते चुकीचे आहे.

पाण्याच्या नळीत बाहेरच्यापेक्षा जास्त दाब असतो, म्हणून पाणी बाहेर येते. धुराड्याचे उलट असते. वरचे तोंड मोकळे असल्याने तेथे आतला आणि बाहेरचा दाब सारखाच असतो. तेथून खाली येताना बाहेरचा दाब जड हवेमुळे भरभर वाढतो, तर आतला दाब हलक्या वायूमुळे सावकाश वाढतो. म्हणून खाली चुलीजवळ आतला दाब बाहेरच्यापेक्षा सर्वांत कमी भरतो. अशा ठिकाणी भोक पडले तर धूर बाहेर येत नाही. खोलीतली थंड हवा आत ओढली जाते.

"मग बिघडले कुठे? धूर तर बाहेर येत नाही," असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. आत आलेली थंड हवा धुरात मिसळून त्याला गार करते. समजा, चुलीतून येणाऱ्या वायूइतक्याच वस्तुमानाची थंड हवा फटीतून आत आली. १५० अंश आणि २० अंश यांच्या समान मिश्रणाचे तापमान ८५ अंश होईल. त्याची घनता ०.९८ आणि बाहेरच्या हवेशी फरक ०.२२. ओढ ११ वरून सुमारे साडेसहा पास्कलवर उतरली. आणि ही उरलेली ओढही सगळी चुलीच्या वाट्याला येत नाही, कारण नळीतून वर जाणारा अर्धा ऐवज फटीतून आलेल्या हवेचाच आहे. हे दोन्ही परिणाम जमेस धरले, तर चुलीतून खेचला जाणारा वायू पूर्वीच्या सुमारे चाळीस टक्केच उरतो. उरलेला धूर जाणार कुठे? तो चुलीच्या तोंडातून खोलीत येतो.

म्हणजे भोक पडले आहे नळीला, आणि धूर येतो आहे चुलीच्या तोंडातून! दोष एका जागी आणि त्याचे लक्षण दुसऱ्या जागी. म्हणूनच घरातली बाई म्हणते, "चूलच धुरते," आणि गवंडीही चूल मोडून नवी घालतो. नळीचा सांधा मात्र तसाच राहतो.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. सर्वांत घातक फट सर्वांत खालची, म्हणजे चूल आणि नळी यांच्यामधली. तेथे ओढ सर्वांत जास्त असते आणि तेथून शिरलेली थंड हवा सगळ्या नळीला गार करते. छपराजवळच्या फटीने त्या मानाने थोडेच बिघडते.

सांध्याचे गणित

फट केवढी असली तर मोठी म्हणायची? नळीचा व्यास १० सें.मी. असेल तर तिच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सें.मी. येते आणि परीघ सुमारे ३१ सें.मी. सांध्याला सगळ्या बाजूंनी फक्त २ मिलिमीटर फट राहिली आहे असे समजा. जाड पुठ्ठ्याएवढी ही फट कोणाच्या डोळ्यांतही भरणार नाही. तिचे क्षेत्रफळ ३१.४ × ०.२ म्हणजे सहा चौरस सें.मी.हून थोडे जास्त होते. असे चार सांधे असतील तर फटींचे एकूण क्षेत्रफळ २५ चौरस सें.मी. होते, म्हणजे नळीच्या तोंडाच्या जवळजवळ एक तृतीयांश. पाण्याच्या नळीला कोणी एवढे भोक राहू देईल का?

येथे आपल्याकडच्या तांब्याच्या बंबाची आठवण होते. बंबाच्या मधोमध उभी नळी असते, तिच्या तळाशी जाळीवर विस्तव आणि भोवती पाणी. एकदा पेटला की बंब छान ओढतो. त्याचे एक कारण असे की, त्याच्या नळीला तळापासून तोंडापर्यंत उघडा सांधाच नसतो. भोवती पाणी भरायचे तर फट ठेवून चालतच नाही. पाण्याच्या धाकाने हवेची गळतीही आपोआप बंद झाली.

वैलाचे भोक

सांध्यांपेक्षाही मोठी गळती एका जागी असते, आणि तिला आपण गळती म्हणतच नाही. ती जागा म्हणजे वैल. दोन भांड्यांच्या चुलीत पुढे भाकरीचा तवा असतो आणि मागे वैलावर कालवण किंवा पाणी. धुराडे वैलाच्या पलीकडे जोडलेले असते. म्हणजे धूर पुढच्या भांड्याखालून वैलाखाली आणि तेथून नळीत जातो.

वैलावर भांडे नसेल, किंवा मोठ्या भोकावर लहान पातेले ठेवले असेल, तर काय होईल? धुराड्याच्या अगदी पायथ्याशी मोठे भोक उघडे राहील. धुराडे चुलीतला धूर ओढण्याऐवजी वैलातून खोलीतली हवा ओढत बसेल. पुढे भाकरी करणारीच्या तोंडावर मात्र धूर येत राहील. ही गळती बुजवायला माती लागत नाही. वैल रिकामा असेल तेव्हा त्यावर झाकण ठेवायचे, एवढे पुरते. चूल घालताना घरातली रोजची भांडी समोर ठेवून त्यांच्या मापाने भोके घेतली, तर झाकणाची गरजही कमी लागते.

साता समुद्रापार तोच नियम

आपल्याकडून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांच्या घरांत चूल नसते, पण हवेच्या नळ्या असतात. तेथील पुष्कळ घरांत तळघरात किंवा माळ्यावर एक भट्टी असते आणि तिच्याबरोबर थंडाव्याचे यंत्र. पंखा ही गरम किंवा गार हवा पत्र्याच्या नळ्यांतून प्रत्येक खोलीत ढकलतो आणि दुसऱ्या नळ्यांतून खोल्यांतली हवा परत ओढून घेतो. या नळ्या भिंतींच्या पोकळीतून आणि माळ्यावरून जातात, त्यामुळे त्या कोणाच्या नजरेला पडत नाहीत. तेथील ऊर्जाबचतीच्या सरकारी कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे, सर्वसाधारण घरात नळ्यांतून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा फटींतून आणि सैल सांध्यांतून वाया जाते.

येथे गळतीच्या दोन्ही दिशा एकाच घरात सापडतात. पंख्याच्या पुढच्या नळीत दाब जास्त, म्हणून तिच्या फटीतून तापवलेली हवा माळ्यावर निसटते. पंख्याच्या मागच्या नळीत दाब कमी, म्हणून तिच्या फटीतून माळ्यावरची धूळ आणि नको ती हवा आत ओढली जाते. दवाखान्यांत, नाट्यगृहांत आणि मोठ्या कचेऱ्यांत वातानुकूलनाच्या नळ्या असतात. त्यांनाही हाच नियम लागू होतो.

तपासणीसाठी तेथे नळ्यांची सगळी तोंडे बंद करून पंख्याने आत २५ पास्कल दाब निर्माण करतात आणि तो टिकवायला किती हवा घालावी लागते ते मोजतात. २५ पास्कल दाबफरकाला एक चौरस सें.मी. भोकातून हवा सेकंदाला सहा मीटरहून अधिक वेगाने निघते. भोकाच्या कडेशी झोत आकसतो, हे लक्षात घेतले तरी ताशी सुमारे चौदाशे लिटर हवा निघून जाते. करंगळीच्या नखाएवढ्या भोकातून!

यात जिवावरचा धोकाही आहे. पंख्याच्या पुढची नळी माळ्यावर गळत राहिली, तर घरातून जितकी हवा ओढली जाते तितकी परत येत नाही. घरातला दाब बाहेरच्यापेक्षा काही पास्कलांनी कमी होतो. त्याच घरात पाणी तापवणारे गॅसचे उपकरण असेल, तर त्याच्या धुराड्याची ओढही काही पास्कलांचीच असते. दोघांच्या रस्सीखेचीत धुराडे हरले, की धूर उलटा घरात येतो, आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही. या वायूला वास नसतो आणि रंगही नसतो. आपल्याकडे चुलीला धुराडे असलेल्या स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा विजेचा पंखा बसवला आणि दारे-खिडक्या लावून घेतल्या, तर हीच रस्सीखेच सुरू होते. धुराड्याला जितकी हवा बाहेर न्यायची, तितकी हवा घरात यायला वाट हवी. धुराड्याचे सांधे बुजवायचे, खोलीची खिडकी नव्हे.

कशाने बुजवावे?

अमेरिकेत नळ्यांचे सांधे बंद करायला एक कापडी चिकटपट्टी पूर्वीपासून वापरली जाई. तिचे इंग्रजी नावच मुळी "नळीची पट्टी" अशा अर्थाचे, डक्ट टेप. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत मॅक्स शर्मन आणि आयन वॉकर यांनी निरनिराळी साधने तापवून-थंड करून पाहिली. १९९८ साली त्यांनी जाहीर केले की, या चाचणीत टिकली नाही ती हीच रबरी डिंकाची कापडी पट्टी! नळी रोज तापते आणि थंड होते, त्यात डिंक सुकून सुटतो. म्हणून तेथे आता सांध्यांवर खळीसारखा घट्ट लेप लावतात. त्याच प्रयोगशाळेत मार्क मोडेरा यांनी १९९० नंतरच्या दशकात आणखी एक युक्ती काढली. नळीत चिकट पदार्थाचे बारीक कण हवेबरोबर सोडायचे. हवा फटीकडे एकदम वळते, पण कण जडत्वामुळे तितके वळू शकत नाहीत. ते फटीच्या कडेवर आपटून तेथेच चिकटतात आणि फट हळूहळू आपोआप भरते. जडत्वाचे इतके सुबक उदाहरण पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही.

आपल्या चुलीच्या धुराड्यालाही तापण्या-निवण्याचा हाच प्रश्न आहे, आणि तो अधिक कठीण आहे. तीन मीटरची लोखंडी पत्र्याची नळी २० वरून १५० अंशांपर्यंत तापली, तर तिची लांबी जवळजवळ ५ मिलिमीटरने वाढते. दिवसातून दोनदा चूल पेटते, म्हणजे नळी दोनदा लांबते आणि दोनदा आखडते. तिला छपराशी सिमेंटने घट्ट आवळून टाकले, तर सिमेंटला तडा जाणारच. घरगुती चिकटपट्टी आणि दुकानात मिळणारे बहुतेक चिकट लांबण या उष्णतेला टिकत नाहीत.

मग टिकते काय? चूल घालणाऱ्या बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नुसती चिकणमाती वाळताना आकसते आणि तिला भेगा पडतात. तिच्यात भाताचे तूस किंवा बारीक भुसा आणि शेण मिसळले की तंतूंमुळे भेगा पसरत नाहीत आणि लेप धरून राहतो. राजूरच्या पश्चिमेला सगळा भाताचा मुलूख. तेथे तुसाला तोटा नाही. या मिश्रणाचा बोटभर जाड लेप चूल आणि नळी यांच्या सांध्याला द्यावा. वाळल्यावर भेगा दिसल्या तर पातळ मातीचा हात पुन्हा फिरवावा. सारवण करताना आठवड्यातून एकदा हा सांधाही सारवला, तर वेगळे काही करावे लागत नाही.

नळीच्या तुकड्यांचे सांधे जोडताना वरच्या तुकड्याचे तोंड खालच्या तुकड्याच्या आत बसवावे. मग आतून ओघळणारा काजळीचा काळा चीक नळीतच राहतो. बाहेर भिंतीवर येत नाही. छपरातून नळी जिथे बाहेर पडते तेथे तिला हलायला थोडी जागा ठेवावी आणि पावसासाठी वरून पत्र्याची गळपट्टी बसवावी. पत्र्याची नळी लाकडी वाशाला किंवा गवताला टेकता कामा नये. नळीचे तोंड छपराच्या आढ्यापेक्षा उंच असावे, नाहीतर वाऱ्याच्या झोताने धूर उलटा येतो. घरात जुनी ॲस्बेस्टॉस-सिमेंटची नळी असेल तर ती कापू किंवा घासू नये. तिचे तंतू श्वासावाटे आत जाणे घातक असते.

उदबत्तीची परीक्षा

आता दोष शोधण्याची रीत पाहू. चूल नीट पेटल्यावर दहा मिनिटे थांबावे. मग पेटलेली उदबत्ती खालच्या सांध्यापासून सुरू करून एकेका सांध्याभोवती सावकाश फिरवावी आणि तिच्या धुराची रेघ कुठे वळते ते पाहावे.

रेघ सरळ वर गेली, तर सांधा चांगला आहे.

रेघ सांध्यात ओढली गेली, तर धुराड्याला ओढ आहे पण सांधा गळका आहे. तो लिंपून टाकावा.

सांध्यातून चुलीचाच धूर बाहेर येत असेल, तर सांधा गळका आहेच, पण मोठा दोष त्याच्या वर आहे. नळी काजळीने भरली असेल, तोंडाशी पक्ष्याचे घरटे असेल किंवा वरची टोपी खाली बसली असेल. वाट अडल्यामुळे नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त झाला आहे. येथे नुसता सांधा लिंपला तर दोष झाकला जाईल आणि सगळा धूर चुलीच्या तोंडातून येईल. आधी चूल विझवून, नळी थंड झाल्यावर ती साफ करावी, मग सांधा बुजवावा.

तोच सांधा, तीच फट. पण हवा आत जाते की बाहेर येते, यावरून इलाज बदलतो. गळती नुसती शोधून भागत नाही, तिची दिशा वाचावी लागते.

तीन कोटी चुलींचे पुढे काय झाले?

एवढ्याशा सांध्याला इतके महत्त्व का द्यायचे, असे वाटेल. त्याचे उत्तर इतिहासात आहे. आपल्या देशात धुराड्याच्या चुलीचे प्रयत्न जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीतून "मगन चूल" पुढे आली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी १९५३ साली बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहिली. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम हाती घेतला. २००२ साली तो केंद्राकडून थांबेपर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली.

त्यातल्या बऱ्याच चुली काही वर्षांतच मोडल्या किंवा बाजूला पडल्या. असे का होते, याचा चांगला अभ्यास पुढे ओडिशातील खेड्यांत रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी केला. धुराड्याच्या मातीच्या चुली मिळालेल्या घरांवर त्यांनी चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवले. पहिल्या वर्षी श्वासावाटे जाणारा धूर कमी झाला. पुढे हा फायदा नाहीसा झाला. घरांनी चूल नियमित आणि योग्य रीतीने वापरली नाही, तिच्या दुरुस्तीकडे आणि देखभालीकडे लक्ष दिले नाही, आणि हळूहळू तिचा वापरच घटला. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. चूल बसवणारा एकदा येऊन जातो. सांधा मात्र दर पावसाळ्यात उकलतो. तो कोण पाहणार, याची सोय नसेल तर चांगली चूलही वाया जाते.

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची शेगडी खेड्यापाड्यांतील घरांत पोहोचली. धुरापासून सुटका करणारा हाच अधिक चांगला उपाय आहे यात शंका नाही. पण सिलिंडर महाग पडतो, तो संपला की पुन्हा भरून यायला वेळ लागतो, आणि आंघोळीचे पाणी व भाकरी यांसाठी सरपणाची चूल पुष्कळ घरांत चालूच राहते. दरम्यान घरे बदलत आहेत. कारवीच्या कुडाच्या भिंती आणि कौले जाऊन विटांच्या भिंती आणि स्लॅब येत आहे. जुने घर धूर झिरपू देत होते; नवे घर तो कोंडून ठेवते. अशा घरात चूल पेटणार असेल तर धुराडे हवे, आणि ते गळके असून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील मुलेही लाखोंनी होती. चुलीजवळ आई बसते आणि तिच्या मांडीवर मूल असते, हे लक्षात घेतले की या आकड्याचे नवल वाटत नाही.

वर्गात करण्याजोगे

प्रयोग १. दुधाच्या पावडरीचे तीन रिकामे डबे घ्या. एकाच्या बाजूला तळाशी चार बोटे रुंद दार कापा आणि वरचे तोंड उघडे ठेवा. उरलेल्या दोन डब्यांची दोन्ही तोंडे काढून टाका. पत्र्याच्या कडा दुमडून घ्या. पहिल्या डब्यात मेणबत्ती लावून त्यावर दुसरा आणि दुसऱ्यावर तिसरा डबा ठेवा. सांधे ओल्या मातीने लिंपा. दाराशी उदबत्ती धरली की धूर आत ओढला जाईल. आता पहिल्या आणि दुसऱ्या डब्यांमध्ये मातीच्या तीन लहान गोळ्या ठेवून फट पाडा. फटीशी उदबत्ती धरा, मग दाराशी धरा. दारातली ओढ किती कमी झाली? फट पुन्हा लिंपून फरक पाहा. शेवटी फट उघडी ठेवून वरच्या डब्याचे तोंड थाळीने अर्धे-पाऊण झाका. फटीशी धूर आता कोणत्या दिशेला जातो? प्रत्येक पायरीआधी मुलांना अंदाज वहीत लिहायला सांगा. थाळी हलवताना चिमटा वापरा, कारण डबे तापलेले असतात.

प्रयोग २. ११ पास्कल म्हणजे पाण्याच्या स्तंभाची उंची जेमतेम १.१ मिलिमीटर. उभ्या नळीत ती दिसणार नाही. सलाइनची पारदर्शक नळी एका फळीवर तिरकी बांधा. दर १० सें.मी. लांबीला ती १ सें.मी. चढावी. खालचे टोक रंगीत पाण्याच्या पसरट भांड्यात बुडवा. वरच्या टोकाला धातूची बारीक नळी जोडून ती धुराड्याच्या खालच्या भागात घाला. मग पाणी नळीत सुमारे ११ मिलिमीटर सरकेल, आणि ते पट्टीने मोजता येईल. वैलावरचे झाकण काढा-ठेवा आणि पाणी किती सरकते ते पाहा.

प्रयोग ३. हा शाळेबाहेर करायचा. राजूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि त्याच्या कक्षेत अनेक आश्रमशाळा आहेत. मुले सुटीत गावोगावी घरी जातात. प्रत्येकाने आपल्या आणि शेजारच्या घरांत एवढेच विचारावे आणि पाहावे: चुलीला धुराडे आहे का? त्याला सांधे किती? नळी शेवटची कधी साफ केली? वैलाचे भोक आणि रोजचे पातेले यांचे माप जुळते का? मोठ्या माणसांसमोर उदबत्तीची परीक्षाही करून पाहावी. परत आल्यावर सगळ्यांच्या नोंदी एका तक्त्यात मांडाव्यात: किती सांध्यांत हवा आत जात होती, कितींतून धूर बाहेर येत होता. पहिल्या रकान्यातल्या घरांना माती आणि तूस लागेल, दुसऱ्या रकान्यातल्या घरांना आधी नळी साफ करावी लागेल. दिवाळीच्या सुटीत केलेली ही पाहणी पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, पुन्हा करावी. लिंपलेले सांधे सहा महिन्यांत किती टिकले, ते तेव्हाच कळेल.